चौथा ट्रॅक लोकेशचा

१

आमच्या बँडचा एकच नियम होता : चौथा ट्रॅक लोकेशचा.

बँडचं नाव ‘वीस किलो’. विमानातून तेवढंच सामान आणता यायचं, म्हणून. श्रेयस बास गिटार वाजवायचा, मी गिटार घेऊन गायचे आणि लोकेश एक राखाडी, कडक पाठीची सुटकेस बडवायचा. ती त्याचीच होती, नागपूरहून हॉलंडात मास्ट्रिख्टला शिकायला येताना आणलेली. ड्रम घ्यायला माझ्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी ते चालूही दिलं नसतं. सुटकेसवर ओला टॉवेल पसरला की आवाज खाली जात नसे. ठोका मात्र छान यायचा, कुणी जाड दारावर मुठीनं हळूच थाप मारावी तसा. प्रत्येक ठोक्याबरोबर तिचं मोडकं कुलूप किणकिणायचं.

माझा फ्लॅट आम्स्टरडॅमला लागून असलेल्या डीमनला, सातव्या मजल्यावर. तिथेच आम्ही चार ट्रॅकच्या एका कॅसेट रेकॉर्डरवर गाणी भरायचो. राणीच्या वाढदिवसाला सगळं आम्स्टरडॅम घरातली अडगळ फुटपाथवर मांडून बसतं, तिथे तो मिळाला होता. साध्या कॅसेटवर तो चार वेगळे आवाज शेजारी शेजारी ठेवतो. पहिल्यावर गिटार, ते ऐकत दुसऱ्यावर बास, ती दोन्ही ऐकत तिसऱ्यावर गाणं. चुकलं तर त्याच ट्रॅकवर पुन्हा भरायचं. आधीचं आपोआप पुसलं जातं. चौथ्यावर सुटकेस. लोकेश सुरुवातीला तीन ठोके मोजायचा आणि चौथ्या ठोक्याच्या जागी फक्त श्वास घ्यायचा. त्या श्वासावर गाणं सुरू.

२००४ च्या ऑक्टोबरात त्याच्या इथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली. नोकरी मिळाली नव्हती. कुलूप मोडलेली सुटकेस माझ्याकडे ठेवून तो एक कापडी बॅग घेऊन निघाला. विमानतळावर म्हणाला, “चौथा रिकामा ठेवत जा. कॅसेट पोस्टानं पाठव, मी भरून परत पाठवतो. सीताबर्डीवर विनयच्या स्टुडिओत असलंच मशीन आहे.”

“आणि बडवणार काय?” श्रेयसनं विचारलं. “सुटकेस तर इथेच.”

“अबे, नागपुरात पेट्यांची कमी आहे का?”

पुढच्या सहा-सात महिन्यांत चार गाणी अशी झाली. मी तीन ट्रॅक भरून कॅसेट पोस्टात टाकायची. महिन्याभरानं ती त्याच्या तिरक्या अक्षरातल्या पाकिटातून परत यायची, चौथा ट्रॅक भरलेली. मला तो आवडायचा. सांगितलं नव्हतं. पुढच्या कॅसेटबरोबर चिठ्ठी ठेवू, असं प्रत्येक वेळी ठरवायची.

पाचवं गाणं आम्ही त्याच्याशिवाय केलं. १७ मे २००५ ला लोकेश वारला. दुपारच्या झोपेतच, उष्माघातानं. सव्वीस वर्षांचा होता.

२

वर्षभरानं ग्रोनिंगनच्या एका छोट्या कंपनीनं विचारलं, की आमची ही पाच गाणी एका सीडीवर काढू का. पाचशे प्रती. मी नाव दिलं ‘पहिली खेप’.

मी जन्मले आम्स्टरडॅममध्ये. सहाव्या वर्षी बाबांनी मला नागपूरला मावशीकडे पाठवलं. बारावीपर्यंत तिथेच शिकले. अठराव्या वर्षी परत आले तेव्हा इथली माझ्या वयाची मराठी मुलं आईबापांना डचमधून उत्तरं देत होती. मी ठरवून टाकलं, की इथे राहून मराठीत गायचं, आणि जे गायचं ते नटवायचं नाही. म्हणून त्या कंपनीला पहिल्याच पत्रात अट घातली : खरखर काढायची नाही, आवाज सुधारायचे नाहीत, एक सेकंदही पुसायचा नाही. जसं झालं तसं.

“खालच्या बाईंचं खोकणंसुद्धा?” श्रेयस म्हणाला. तो स्लोटरडाइकला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचा. एका बटणात खरखर घालवता येते, हे त्यानं मला दहा वेळा सांगितलं होतं.

“तेसुद्धा.”

“मॅडम, लोक विकत घेणार आहेत. सत्याग्रह नाही करायचा त्यांना.”

घाई दुसऱ्याच कारणानं होती. आमची इमारत पाडणार होते. शेजारी एकेक करून निघून गेले होते, खालच्या बाईही मुलीकडे गेल्या होत्या. मला किल्ली परत करायची होती शुक्रवारी, २१ जुलैला, दुपारी तीन वाजता. त्याआधी पाचही कॅसेट ऐकून, प्रत्येक ट्रॅक वेगळा तपासून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या होत्या. नवी खोली कितीही चांगली असली, तरी ही गाणी याच खोलीत ऐकून संपवायची, असा माझा हट्ट होता.

जुलैत विलक्षण उकाडा होता. तीन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. गवत पिवळं पडलं होतं. सगळ्या मजल्यांवर मिळून आता चार-पाच घरांत माणसं उरली होती आणि दुपारी इमारत इतकी शांत असायची, की लिफ्ट आली की घरात बसून कळायचं. तिची घंटी बिघडलेली होती. एकदा वाजायच्या जागी ती दोनदा वाजायची.

३

पहिल्या कॅसेटचा चौथा ट्रॅक मी वेगळा असा कधी ऐकलाच नव्हता. बाकीचे तीन बंद केले, कानाला हेडफोन लावला.

तीन ठोके. श्वास. मग सुटकेस.

पहिलं मिनिट मी नुसतीच ऐकत राहिले. वर्षभरानंतर तो पुन्हा शेजारी बसून वाजवत होता. मग लक्षात आलं, की ठोक्यामागे कुलूप किणकिणतंय.

मी वळून पाहिलं. सुटकेस कोपऱ्यात होती, तिच्यावर मनीप्लांटची कुंडी. तो गेल्यापासून ती त्या कोपऱ्यातून हलली नव्हती.

पेटी म्हटली की कुलूप आलंच, असं मी स्वतःला समजावलं. टेप मागे घेतली, पुन्हा लावली. दुसऱ्या कडव्यात, ठोक्यांच्या पाठीमागे, लांबून, लिफ्टची घंटी वाजली. दोनदा.

शेजारच्या ट्रॅकवरून आवाज झिरपतो, असं या मशीनचं होतं कधी कधी. मी तिसरा ट्रॅक लावून पाहिला. त्या जागी माझं गाणं होतं, घंटी नव्हती. पहिला, दुसरा. नव्हती. कॅसेटवर आधीचं काही राहिलं असेल म्हणावं, तर ती कोरी घेतलेली होती, पाकिटाचं प्लास्टिक मी स्वतः दातांनी फाडलेलं आठवत होतं.

श्रेयसला फोन केला. तो म्हणाला, विनयच्या स्टुडिओच्या इमारतीत लिफ्ट असेल.

“दोनदा वाजणारी?”

“भारतात सगळंच दोनदा वाजतं, मैत्री. झोप काढ जरा.”

आमच्या घरात आत्मा हा शब्द कधी चालला नाही. माझे बाबा, दादाराव, शास्त्रज्ञ. शिवाय आम्ही बौद्ध. मरणानंतर कुणी कुठे फिरत नाही, हे मला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. त्यामुळे मी घाबरले नाही. वही काढली आणि बाकीच्या तीन कॅसेटचे चौथे ट्रॅक ऐकत नोंदी करत गेले.

डिसेंबरच्या कॅसेटवर काचेवर पाऊस होता. तिरका, वाऱ्यानं फेकलेला, आमच्या पश्चिमेच्या खिडकीवर पडतो तो. फेब्रुवारीच्या कॅसेटवर खालच्या बाई खोकल्या. आणि चारही कॅसेटवर पहिल्या ठोक्याच्या आधी, इतक्या हळू की आवाज पूर्ण वाढवावा लागला, तेच : दार लोटल्याचा आवाज. मग थोडं थांबून जमिनीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज. एक. आणि दुसरा.

हा आवाज ओळखायला वही लागली नाही. लोकेश दाराशी बूट काढायचा. इथले मित्र बुटांसकट सोफ्यापर्यंत यायचे, पण त्याला जमलं नाही कधी. वाकून नाडी सोडायची, एक बूट, मग दुसरा, भिंतीला लागून सरळ ठेवायचे, मग मोज्यांनी आत. रेकॉर्डिंगच्या दिवशी दार मी नुसतं लोटून ठेवायची, कारण हेडफोन लावला की बेल ऐकू येत नसे.

४

पाचव्या कॅसेटला मी दोन दिवस हात लावला नाही.

त्या वेळी, मे महिन्यात, उट्रेख्टच्या एका छोट्या हॉलमध्ये आम्हाला गायला बोलावलं होतं आणि त्यांना आधी एक नवीन गाणं ऐकायला हवं होतं. बुधवारपर्यंत. नागपूरला कॅसेट पाठवून परत यायला महिना गेला असता. मी लोकेशला ईमेल केली : ‘या वेळी चौथा मीच भरते. पुन्हा नाही असं करणार.’ उत्तर एका ओळीचं होतं : ‘थांब ना. येतोच आहे.’

मी थांबले नाही. तो ज्या देशात होता तिथून ‘येतोच’ म्हणणं ही थट्टा वाटली. जरा रागही आला, की इथे कार्यक्रमाची गडबड आणि याला थट्टा सुचते. मंगळवारी सुट्टी घेतली आणि त्याच्या ट्रॅकवर माझाच दुसरा सूर भरला. कॅसेटवर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं : १७ मे, दुपारी सव्वादोन.

आता त्या ट्रॅकवर माझा आवाज सुरू झाला. मागे पाऊस. त्या दिवशी सकाळपासून पडत होता. दुसऱ्या कडव्यात, मी वरचा सूर धरलेला असताना, त्याच्याखाली दार लोटल्याचा आवाज आला. बूट. एक, दुसरा.

त्या दुपारी माझी पाठ दाराकडे होती आणि कानांवर हेडफोन.

गाणं संपलं. हेडफोन काढल्याचा आवाज. माझा आवाज, स्वतःशीच, “मेले, उशीर.” श्रेयस स्लोटरडाइक स्टेशनवर ताटकळत होता, त्याच्या ऑफिसातून गाणं पाठवायचं होतं. मशीनला जोडलेल्या साध्या टेपरेकॉर्डरवर चारही ट्रॅकची मिळून एक प्रत त्याच वेळी भरली जायची, ती कॅसेट मी उपटून घेतली असणार. पण टेप थांबवायची विसरले. माझ्या सँडलचा आवाज. दार ओढलं. किल्ली फिरली. एकदा, दोनदा.

टेप चालूच राहिली. रिकामी खोली, खिडकीवर पाऊस.

मग सुटकेसवर तीन ठोके. आणि श्वास.

त्यानंतर काही वाजलं नाही. वाजवायला जागाच नव्हती. तो ट्रॅक मी भरून टाकला होता. थोड्या वेळानं मोज्यातली पावलं लाकडावरून दाराकडे गेली. कडी खाली दाबली गेली. पुन्हा दाबली.

“मैत्री?”

कडी.

“मैत्री, दार लागलं.”

चिडलेला नव्हता. लहान मूल आत अडकलं की आधी हळूच सांगतं ना, तसं. खट् झालं आणि टेप संपली.

५

रविवारी सकाळी मी नागपूरला फोन लावला. लोकेशच्या आई, गयाबाई. वर्षभरात मी त्यांच्याशी एकदाच बोलले होते, तेही रडतच.

जयभीम झालं, माझ्या आईबाबांची चौकशी झाली, तुमच्याकडे पाऊस आहे का झालं. मग मी सीडीचं सांगितलं आणि विचारलं, की लोकेश गाणी कुठे भरायचा, विनयकडे किती वेळ बसायचा.

“कोण विनय? कुठं जात नव्हता गं तो. आल्यापासून घरातच. तुझी कॅसेट आली की पाकीट उशाशी ठेवायचा.”

“घरी मशीन होतं का, काकू?”

“साधा टेपसुद्धा नव्हता. रेडिओ आहे, तो यांचा.” त्यांनी आवाज हळू केला. “दुपारी निजायचा. जेवला की म्हणे, आई, जरा जाऊन येतो. आणि खाटेवर आडवा व्हायचा, पायात बूट घालून. मी म्हणायची, अरे बाबा, अंथरुणात काहून बूट? तर हसायचा. म्हणे, तिकडं लागतात.”

मी वही जवळ ओढली.

“उठला की बूट ओले असायचे,” त्या म्हणाल्या. “मी कोणाला सांगितलं नाही हे. लोक म्हणतील, बाई पोराच्या दुःखात काहीबाही बोलते. पण मार्च महिन्यात, बेटा, आमच्या इथं. मीच वाळत ठेवायची ना.”

“आणि त्या दिवशी?”

“त्या दिवशीही बूट घालूनच निजला. मी पाहिलं. सहाला उठवायला गेले, तर…” मागे पंखा घरघरत होता. “पायात नुसते मोजे. बूट नाही. खाटेखाली नाही, अंगणात नाही. नेमके नवे बूट. अजून सापडले नाहीत.”

नागपूरला सहा म्हणजे उन्हाळ्यात इथे अडीच.

“मी काय म्हणते, मैत्री,” त्या म्हणाल्या. “तिकडं तर नाहीत ना राहिले तुझ्याकडे? पाहून ठेवशील का जरा?”

६

शनिवार-रविवारी श्रेयस खोकी भरायला येत असे. त्याला मी पाचव्या कॅसेटचा शेवट ऐकवला. ऐकल्यावर त्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याची वायर बोटाला गुंडाळत बसला. नेहमीप्रमाणे काहीतरी चावट बोलेल, याची मी वाट पाहत होते.

“त्याचाच आवाज आहे,” तो म्हणाला.

मग मी मनात जुळत गेलेलं सगळं सांगितलं. गेल्या हिवाळ्यात संध्याकाळी ठोके यायचे. तीन. हीटिंगचे पाइप तापताना आवाज करतात, असं मी धरून चालले होते. पण हीटिंग एप्रिलपासून बंद होतं आणि परवा भर दुपारी, उकाड्यात, कुंडीची पानं हलली होती आणि तीन ठोके आले होते. चौदा महिने मी नागपूरच्या दिशेनं झुरत होते. रोज संध्याकाळी इथे येऊन, सुटकेसकडे पाठ करून, मी त्याच्या जुन्या ईमेल वाचायची.

“दार तर तू रोज उघडतेस,” श्रेयस म्हणाला. “जायचं असतं तर गेला असता.”

“तो त्या दारानं येतच नव्हता.”

मी कॅसेटकडे बोट दाखवलं. “चौथ्यानं यायचा. तो मी भरला.”

हे बोलताना मला माझाच आवाज परका वाटला. बाबांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते, ते मला शब्दांसकट माहीत होतं. पण शुक्रवारी तीनला मी किल्ली देणार होते आणि मग कधीतरी यंत्रं येऊन ही खोली पाडणार होती. त्यानंतर त्याला कुठून जाता येणार, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

चौथा ट्रॅक रिकामा करायचा तर त्यावर शांतता भरायला हवी होती. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. म्हणजे माझा सूर पुसला जाणार, आणि त्याच्या पुढचं तेही. तीन ठोके, श्वास, माझं नाव.

“वेडी आहेस का,” श्रेयस म्हणाला. “त्याचा शेवटचा आवाज आहे तो. एक सेकंदही पुसणार नाही, असं लिहून दिलंयस ना तूच? निदान कॉपी काढ. पाच मिनिटांचं काम आहे.”

“कॉपी ठेवली तर रिकामा कसा झाला?”

“मैत्री, त्याला काय कळणार आहे?”

हे म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं. दोघंही सुटकेसकडे बघायचं टाळत होतो.

तरी मी चार दिवस तो तुकडा ऐकला. किती वेळा, ते सांगत नाही. ‘मैत्री, दार लागलं.’ आयुष्यात मला कुणी इतक्या जवळून हाक मारलेली नव्हती. पुसायचं तर दूरच, मला तो संपलेलाही सोसत नव्हता.

७

शुक्रवारी दीड वाजता फ्लॅटमध्ये मशीन, एक माइक आणि सुटकेस, एवढंच उरलं होतं. मी कुंडी उतरवली. टॉवेल भिजवून पिळला आणि सुटकेसवर पसरला. माइक समोर ठेवला. श्रेयस म्हणाला, मी खाली थांबतो. दारात जरा घुटमळला आणि सुटकेसकडे न बघताच म्हणाला, “चल बे.” आणि गेला.

दार मी सताड उघडं ठेवलं. बाहेरच्या सामाईक गॅलरीतून उन्हाचा पट्टा थेट आतपर्यंत आला. मी दाराकडे पाठ करून जमिनीवर बसले, हेडफोन लावला, चौथ्या ट्रॅकचं बटण दाबलं आणि टेप सोडली.

गिटार, बास, गाणं कानात सुरू झालं, वर्षभर मागचं. चौथ्या ट्रॅकचा दिवा लाल होता. त्याच्यावर आता जे जाईल तेच राहणार होतं. मी श्वाससुद्धा तोंड मिटून घेत होते.

दुसरं कडवं आलं आणि गेलं. माझा सूर पुसला गेला, त्याचं मला काहीच वाटलं नाही. गाणं संपलं. आता फक्त त्याच्या हाकेची ती चाळीस सेकंदं उरली होती. बोट थांबवायच्या बटणावर गेलं. मी ते तिथेच ठेवलं. दाबलं असतं तर त्याची हाक वाचली असती. जन्मभर पुरली असती.

बोट मी उचललं.

चौथ्या ट्रॅकची पातळी दाखवणारे छोटे हिरवे दिवे लागले. तीनदा. हेडफोनमध्ये कुलूप किणकिणलं. मग माझ्या उजव्या खांद्यामागे कुणीतरी श्वास आत घेतला, वाजवायला सुरुवात करण्याआधी घेतात तसा.

मला फक्त एक शब्द म्हणायचा होता. थांब. चौदा महिने साठवलेलं दुसरं बरंच काही होतं, पण त्या क्षणी तेवढंच. आणि माइक चालू होता. मी जे काही म्हणाले असते, ते चौथ्या ट्रॅकवर गेलं असतं, आणि जागा पुन्हा भरली असती.

मी ओठ दातांखाली धरले.

मोज्यातली पावलं माझ्या बाजूनं गेली. लाकूड किंचित दबल्याचं मला बसल्या जागी जाणवलं. मी वळले नाही. कॅसेटच्या झाकणाच्या काचेत मागचं उघडं दार दिसत होतं, नखाएवढा पांढरा चौकोन. त्या चौकोनात काहीतरी आलं. उभं नव्हतं. वाकलेलं होतं. वाकून खाली, भिंतीच्या कडेला, हात चालल्यासारखं. डावा झाला, मग उजवा. नाडीला वेळ लागत होता, नेहमीसारखा.

मग चौकोन पुन्हा पांढरा झाला.

बाहेर लिफ्टची घंटी वाजली. दोनदा. खट् करून टेप संपली.

८

तीनला इमारतीचा माणूस आला. भिंती पाहिल्या, नळ पाहिले, किल्ल्या मोजून घेतल्या. जाताना उंबऱ्याशी थांबून म्हणाला, इथे पाणी सांडलंय का? भिंतीला लागून दोन ओले ठसे होते, शेजारी शेजारी, बूट काढून ठेवतात तिथे. बाहेरच्या उन्हात ते बघता बघता आकसत होते.

श्रेयस खाली लिफ्टसमोर उभा होता. मशीन माझ्या हातातून घेत म्हणाला, “मघाशी लिफ्ट आली. रिकामीच होती.” गाडीत सामान ठेवून झाल्यावर म्हणाला, “पण मी बाजूला झालो. कोणी बाहेर येताना होतो तसा.”

सीडी ऑक्टोबरात निघाली. पाचव्या गाण्यावर सुटकेस नाही, दुसरा सूर नाही. गाणं संपल्यावर चाळीस सेकंदं तशीच सोडली आहेत. कंपनीनं तीनदा विचारलं, हे कापू का? मी नाही म्हटलं. तो चौथा ट्रॅक मी वेगळा लावून ऐकलेला नाही. ऐकावंसं रोज वाटतं. तीन ठोके, तो श्वास कदाचित त्यावर असतील. पण ऐकायला गेले तर मी पुन्हा मागे वळून बघीन, असं वाटतं.

किल्ली दिली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गयाबाईंचा फोन आला होता. त्या कधी स्वतःहून करत नसत.

“बेटा, बूट सापडले,” त्या म्हणाल्या. “खाटेखालीच. रोज झाडते मी तिथं. काल संध्याकाळी दिवा लावायला गेले तर समोर.”

“बरं झालं, काकू.”

“ओले आहेत. पावसाचे दिवस, लवकर वाळायचे नाहीत.” मग जरा चाचरत, माझ्याकडून परवानगी मागावी तसं म्हणाल्या, “वाळले की तुला पाठवू का? त्याची आठवण म्हणून?”

माझ्या नव्या खोलीत खोकी अजून बांधलेलीच होती. सुटकेस दाराशी आडवी पडली होती.

“नको, काकू,” मी म्हटलं. “तुमच्या दाराशीच राहू द्या.”